डावा पाय

गाडीला मागे एवढी लांब शेपटी कशाला, मावशी?
सावद्याच्या पंपावरचा पोऱ्या दर वेळी विचारतो,
आणि डिझेल की पेट्रोल, तेही दर वेळी.
आवाज ऐक, मी म्हणते.
गिरणीत ज्वारी पडतेय, कळत नाही?

भूषणने पुण्यात नऊ वर्षं वापरली,
मग दिली पाठवून. रंग ओल्या राखेचा.
मागचं दार छतापर्यंत वर जातं, सीटा आडव्या पडतात
आणि उडदाच्या पिठाची चार पोती मावतात,
पोळपाटांची चळत, लाटणी, पापडखार,
कौशल्या अक्का आणि तिचे दोन्ही गुडघे.
वर भरताची वांगी, नको म्हटलं तरी
कुणीतरी टाकतंच.
एकदा केळीचा अख्खा घड नेला,
गार्गीच्या शेजारी, पट्टा लावून.

ते सगळं खरं, पण गेर?
रावेर डेपोत अठ्ठावीस वर्षं एसटी हाकलेला माणूस,
तोताराम नारखेडे,
पहिल्या दिवशी दारातून आत वाकला तो वाकलाच.
पायाशी दोनच पेडल.
दांडी आहे, पण नुसती शोभेला.
"बिनमिठाचं भरीत आहे हे,"
म्हणाला, आणि ओट्यावर जाऊन बसला, पाठ करून.

त्याच थंडीत त्याचं डावं अंग गेलं.

डॉक्टर म्हणाले, उजवा पाय धड आहे,
बिनगेरची असेल तर पुढेमागे चालवाल हळूहळू.
तो भिंतीकडे बघत म्हणाला,
तीच का?

म्हणून मी शिकले, चोपन्नाव्या वर्षी,
बाजार समितीच्या मोकळ्या आवारात, उन्हं चढायच्या आत.
गाडी बंद पडत नाही, उसळत नाही,
माझ्यावर हसतही नाही.
ब्रेक सोडला की आपणच पुढे सरकते,
घरची म्हैस दावं सोडल्यावर निघते तशी.

आता आठवड्यातून दोनदा भुसावळ.
व्यायामवाली पोरगी त्याचा पाय उचलते, ठेवते,
दाबा काका, म्हणते, दाबा.
पाय ओल्या पोत्यासारखा पडून.
तासाचे चारशे रुपये.

परतताना मी निंभोऱ्याच्या फाटकाशी गाडी हळू केली.
मालगाडी जात होती, डबे मोजावेत इतकी सावकाश.
शेजारी काहीतरी खसखसलं.
खाली बघितलं,
रबरी चटईवर त्याचा अंगठा.
मग चवडा.
जिथे काहीच नाही तिथे
तो क्लच दाबत होता.

त्याला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर थांबला असता, मी ओळखते त्याला.
फक्त त्या दिवसापासून
मी वाटेत जरा जास्तच हळू होते,
बैलगाडी दिसली की, शाळा सुटली की,
केळीचे ट्रक भरत असले की,
कधी काहीच नसताना.
मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.
डिझेल थोडं जास्त जातं, ते वहीत
पापडाच्या खर्चात लिहिते.
चटईला तिथे आता
रुपयाएवढी चकाकी आली आहे.

काल पालला गेलो होतो, अक्काच्या नातीच्या साखरपुड्याला.
मागे सगळ्या झोपलेल्या,
जाताना सातपुडा समोर आला
आणि रस्ता वर चढू लागला.
तोही डुलकीत होता. डोळे मिटूनच म्हणाला,
"दुसऱ्यात टाक."

माझ्या हाताला काही काम नव्हतं.
इंजिनाने खालचा सूर धरला, गाडीने
आपली आपणच दम घेतला, आणि वळण चढली.

"टाकला," मी म्हणाले.

"उशिरा टाकला," तो म्हणाला.